फक्क, पांगुळगाडा आणि बालकाच्या वाढीचे टप्पे

प्रास्ताविक

अष्टांग आयुर्वेदात काश्यप संहितेने कौमारभृत्याला आद्य स्थान दिले आहे. मात्र आपल्या नित्याच्या व्यवसायात बालकाचा विचार बहुधा ज्वर, अतिसार, कास आणि कृमी येथेच थांबतो. बालक आजारी नसेल तर ते तपासण्याची गरज आपल्याला वाटत नाही. ते वयाप्रमाणे वाढत आहे काय, त्याने त्या त्या महिन्यात जे करावयास हवे ते केले आहे काय, हा प्रश्न आपण विचारतच नाही. आणि पालकांनी विचारलाच, तर 'होईल हळूहळू' असे उत्तर देऊन मोकळे होतो.

मांडवीसारख्या वस्तीत, जेथे आई पहाटेच मासळीच्या कामाला बाहेर पडते आणि मूल आजीच्या मांडीवर वाढते, तेथे मुलाविषयी पहिली शंका आजीला येते. ती शंका घेऊन आजी प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात जाते. म्हणूनच या विषयाची उजळणी वैद्यबंधु-भगिनींनी आणि औषधविक्रेत्यांनी एकत्रच करावी, असे आम्हास वाटते.

वृद्धी आणि विकास

वृद्धी म्हणजे शरीराच्या मानात पडणारी भर. ती तराजूवर व फितीवर मोजता येते. विकास म्हणजे क्रियाशक्तीची परिपक्वता. ती पाहून व खेळवूनच कळते. वजन उत्तम असलेले बालक विकासात मागे असू शकते आणि किरकोळ अंगाचे बालक विकासात अगदी वेळेवर असू शकते. गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

विकासाचा क्रम ठरलेला असतो, वेग मात्र बालकागणिक बदलतो. तो डोक्याकडून पायाकडे जातो: आधी मान, मग कंबर, मग पाय. तसाच तो मध्याकडून टोकाकडे जातो: आधी खांदा, मग मनगट, शेवटी बोटांची चिमूट.

शास्त्रातील टप्पे

आपल्या ग्रंथांत विकासाचे टप्पे संस्कारांच्या रूपाने आले आहेत. चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे बालकास घराबाहेर नेणे. मान सावरण्याचा काळ तोच. उपवेशन अष्टांगसंग्रहात पाचव्या, तर काश्यपात सहाव्या महिन्यात येते. काश्यपांनी बालकास फार वेळ बसवून ठेवू नये, त्याने पाठ व कंबर दुबळी होते, अशी सूचनाही दिली आहे. चहूबाजूंनी उश्या लावून पाच महिन्यांचे मूल तासभर बसवणाऱ्या घरांना ही सूचना आजही सांगावी लागते.

अन्नाच्या बाबतीत काश्यप सहाव्या महिन्यात फळे व दहाव्यात अन्न सांगतात, तर सुश्रुत सहाव्याच महिन्यात लघु अन्न सांगतात. आज सहा महिने पूर्ण होताच वरचे मऊ अन्न सुरू करावे व स्तन्यपान चालू ठेवावे, असा संकेत आहे. सहा महिन्यांनंतर केवळ स्तन्यातून बालकाची लोहाची व ऊर्जेची गरज भागत नाही. त्यामुळे काश्यपांचा आधार देऊन धान्य दहाव्या महिन्यापर्यंत लांबवू नये. येथे सुश्रुतमत स्वीकारणे हितावह आहे.

दंतजन्माविषयी काश्यपांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. एकूण बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येतात आणि उरलेले द्विज, म्हणजे पडून पुन्हा येणारे, हे त्यांनी नोंदवले आहे. पहिला दात साधारणतः सहाव्या-सातव्या महिन्यात येतो, तथापि वर्षापर्यंत वाट पाहण्यास हरकत नाही.

मोजमापे

१) वजन: जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते व सुमारे दहाव्या दिवसापर्यंत भरून येते. जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षात तिप्पट व दोन वर्षांत चौपट होते.

२) लांबी: जन्मतः सुमारे ५० सें.मी., वर्षाअखेर ७५ सें.मी., चौथ्या वर्षी सुमारे १०० सें.मी. दोन वर्षांपर्यंत बालकास आडवे ठेवूनच मोजावे.

३) डोक्याचा घेर: जन्मतः ३३ ते ३५ सें.मी., तीन महिन्यांत सुमारे ४०, वर्षाअखेर ४५ ते ४७ सें.मी. फीत भुवयांच्या वरून व मागील उंचवट्यावरून घ्यावी. घेर फार मंद किंवा फार वेगाने वाढणे, दोन्ही चिंताजनक.

४) टाळू: ९ ते १८ महिन्यांत भरते. त्यानंतरही उघडी राहिल्यास मुडदूस, थायरॉईडची न्यूनता किंवा डोक्यात पाणी साठणे यांचा विचार करावा. 'टाळू भरण्यासाठी' तेलाचे प्रमाण वाढवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

५) दंडाचा घेर: ६ महिने ते ५ वर्षे या वयात ११.५ सें.मी.पेक्षा कमी असल्यास तीव्र कुपोषण समजावे.

एका मोजमापापेक्षा आलेखावरील रेषेची दिशा महत्त्वाची. तीन महिने आडवी राहिलेली रेषा कोणत्याही लक्षणाआधी बोलते.

विकासाचे मुख्य टप्पे

२ महिने: ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे.
३ ते ४ महिने: मान धरणे, आवाजाच्या दिशेने वळणे.
५ ते ६ महिने: कुशीवर वळणे, आधाराने बसणे, एका हाताने वस्तू घेणे, 'बा', 'दा' असे उच्चार.
८ ते ९ महिने: आधाराविना बसणे, रांगणे, 'बाबा', 'दादा' अशी जोड अक्षरे, अनोळखी व्यक्तीस बुजणे, टाटा करणे.
१० ते ११ महिने: धरून उभे राहणे, हात धरून पाऊल टाकणे.
१२ ते १३ महिने: चिमटीत दाणा उचलणे, अर्थपूर्ण एक-दोन शब्द, स्वतंत्र पाऊल.
१८ महिने: धावणे, आठ-दहा शब्द.
२ वर्षे: दोन पाय एका पायरीवर ठेवीत जिना चढणे, दोन-तीन शब्दांचे वाक्य.
३ वर्षे: तीनचाकी सायकल चालवणे, स्वतःचे नाव सांगणे.

हे सरासरी काळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह अनेक देशांतील निरोगी बालकांच्या अभ्यासातून २००६ साली जे कालखंड प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने व स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने एवढा विस्तार आढळला. त्याच अभ्यासात ४ टक्क्यांहून थोडी अधिक बालके हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी ती निरोगी होती. केवळ न रांगणे हा म्हणून दोष नव्हे.

मुदतपूर्व जन्मलेल्या बालकाचे वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरावे. दोन महिने आधी जन्मलेले बालक आठ महिन्यांचे असता सहा महिन्यांच्या अपेक्षेने तपासावे. तथापि ही सवलत दुर्लक्षाचे निमित्त होऊ नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ पासून २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नवजात बालकांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत असला तरी तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला. मुदतपूर्व व शिवाय खुरटलेल्या बालकांत तो सर्वांत कमी होता. अशा प्रत्येक बालकाची नोंद स्वतंत्र ठेवावी.

थांबू नये अशी लक्षणे

तीन महिन्यांत न हसणे. पाच महिन्यांत मान न धरणे. दहा महिन्यांत आधाराविना न बसणे. अठरा महिन्यांत न चालणे किंवा एकही अर्थपूर्ण शब्द नसणे. वर्षाच्या आतच एकच हात सातत्याने वापरणे. नजरेस नजर न देणे, नावाने हाक मारता न वळणे. आणि कोणत्याही वयात आलेली क्रिया गमावणे. शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर. आईच्या आहारात बी-१२ जीवनसत्त्व अत्यल्प असल्यास केवळ स्तन्यावर राहिलेले बालक काळवंडते, केस विरळ होतात, हसणे व बसणे विसरते, अंगास कंप येतो. हे वेळीच ओळखल्यास उपचाराने झपाट्याने सुधारते. 'दृष्ट लागली' म्हणून घालवलेले आठवडे मात्र भरून येत नाहीत.

एक अनुभव

सुमारे बारा वर्षांपूर्वी अकरा महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. बसणे, उभे राहणे, सारे वेळेवर. आजीची तक्रार एवढीच, की हाक मारली तर बघत नाही. आम्ही त्याच्या पाठीशी उभे राहून टाळी वाजवली, तो वळला. 'याचा बापूसही उशिराच बोलला होता,' असे आजीनेच सांगितल्यावर आमची शंका मिटली. वचेचे सिद्ध घृत लिहून दिले व धीर धरण्यास सांगितले.

तो पुन्हा आला तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. श्रवणतपासणीत दोन्ही कानांचा तीव्र दोष निघाला. त्या दिवशी तो वळला होता तो आवाजाने नव्हे. दारातून येणाऱ्या उन्हात आमच्या हातांची सावली त्याच्या पुढ्यात पडली होती. आज तो श्रवणयंत्र लावून शाळेत जातो; वाचा आली, पण तुटक. त्याचे सोळा महिने आमच्या हातून गेले, हे आम्ही येथे मुद्दाम लिहितो. आजीचे निरीक्षण बरोबर होते, चुकली ती आमची परीक्षा.

श्रवणदोषाबाबत आजचा संकेत असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना. टाळी, थाळी व खुळखुळा ही परीक्षा नव्हे. शंका येताच यंत्राद्वारे तपासणीस पाठवावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक्-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, हेही पालकांस सांगावे.

फक्करोग

वर्ष उलटूनही जे बालक पायाने चालत नाही त्यास काश्यपांनी 'फक्क' म्हटले व क्षीरज, गर्भज, व्याधिज असे त्याचे तीन भेद केले. दुष्ट स्तन्याने, माता पुन्हा गर्भवती होऊन स्तन्य तुटल्याने, आणि अन्य व्याधींनी क्षीण झाल्याने, अशी ही कारणे. नितंब, दंड व मांड्या सुकलेल्या, पोट व डोके मोठे भासणारे असे त्यांचे वर्णन वाचताना तीव्र कुपोषणाचे बालक डोळ्यांपुढे उभे राहते. दोन बाळंतपणांतील अंतराचा विचार त्यात आहे, हे विशेष.

चिकित्सेत अभ्यंग, घृतपान, बृंहण यांसोबत काश्यप तीन चाकांचा फक्करथ सांगतात. तो धरून बालकाने चालण्याचा अभ्यास करावयाचा. कोकणातील घरोघरी असलेला लाकडी पांगुळगाडा हा त्याचाच भाऊबंद. दुकानात मिळणाऱ्या, बालकास मधोमध बसवणाऱ्या चाकांच्या वॉकरशी मात्र याची गल्लत करू नये. पांगुळगाड्यामागे बालक स्वतःच्या पायांवर भार घेऊन उभे असते. वॉकरमध्ये ते लोंबकळते, चालणे शिकत नाही आणि पायरीवरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

वर्षाची मर्यादा ही आमच्या मते चौकशीची मर्यादा आहे, रोगनिश्चितीची नव्हे. वर्षाच्या बालकाने पाऊल टाकले नसेल पण ते धरून उभे राहत असेल, खेळत व बडबडत असेल, तर आहार व अभ्यंग सुचवून दीड वर्षापर्यंत दरमहा पाहावे. बसतच नसेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. थायरॉईडची न्यूनता, मुडदूस व मेंदूस जन्मवेळी झालेली इजा यांचा भेद केवळ नाडी व आकृती पाहून होत नाही. आपली चिकित्सा निदानानंतरही करता येते. निदानाऐवजी करू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

'ताकदीचे टॉनिक', 'लवकर बोलण्याचे औषध', 'दात येण्याच्या गोळ्या' अशी मागणी आपल्या दुकानात रोज होते. बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: वय किती महिने? काय करता येत नाही? आधी येत असलेले काही थांबले आहे काय? तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल तर बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. बाळगुटीतील जायफळाचे वळसे वाढवून बाळ झोपवले जात नाही ना, हे विचारावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, हा आजचा इशाराही सांगावा. त्या वयात अनुपान म्हणून घृत किंवा स्तन्य योजता येते.

व्यवहारात काय करावे

पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनासाठी येणारी बालके दर सत्तावीस दिवसांनी आपल्या दारी येतात. एवढ्या नियमाने निरोगी बालक अन्य कोणत्याही दवाखान्यात येत नाही. त्या दिवशी प्रत्येकाचे वजन, डोक्याचा घेर व एक विकासाचा टप्पा वहीत लिहावा. सुवर्णप्राशनाने विकासाचा दोष झाकला जाईल असे मात्र कोणासही आश्वासन देऊ नये.

दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी त्रिवेंद्रम येथे तयार झालेला सतरा बाबींचा तक्ता भिंतीवर लावावा. वयाच्या ठिकाणी उभी पट्टी ठेवायची. तिच्या डावीकडे पूर्ण संपलेली बाब बालकास येत नसेल तर पुढील तपासणी. यास पाच-सात मिनिटे पुरतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकाच्या रचनेत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी, आणि विकासदोषाच्या बालकांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे, अशी त्याची पद्धत आहे. म्हणजे हे काम आपल्याच पदवीच्या बंधु-भगिनींकडे सोपवलेले आहे. आपल्या भागातील पथकाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व दुकानात लिहिलेला असावा.

शेवटी एकच निवेदन. बालक स्वतः तक्रार सांगत नाही. त्याच्या वतीने आई सांगते, आजी सांगते. 'हे मूल इतरांसारखे नाही' असे त्यांनी म्हटले, की ते खोटे ठरेपर्यंत खरे मानावे. आम्ही एकदा उलट केले, त्याची किंमत त्या मुलाने दिली. वाचकांपैकी कोणाच्या हातून तसे घडू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.