औंढ्याची वेधशाळा आणि किल्लारीची आठवण

प्रश्न : औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ वेधशाळा होतेय. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. गणपती विसर्जनाच्या त्या रात्रीची गोष्ट आजी अजून सांगते. जिथली जमीन अशी हलते, त्या मराठवाड्यात इतकं नाजूक यंत्र कशाला? आणि आलेली थरथर भूकंपाची नाही, कृष्णविवरांचीच आहे, हे ओळखायचं कसं?
– अकरावीची विद्यार्थिनी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : लातूर पॅटर्नमधल्या मुलीनं चार पर्याय नसलेला प्रश्न विचारला, याचाच आधी आनंद झाला!

शंका रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जो भूकंप झाला, तो लातूर-उस्मानाबादकडचा माणूस विसरणार नाही. औंढा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तिथली जमीनही अगदी निजलेली नाही. मार्च २०२४ मध्ये कळमनुरीकडचा ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही जाणवला. पण अशा यंत्राचं रोजचं दुखणं वेगळंच असतं. समुद्राच्या लाटा, मालगाड्या, कारखाने यांची बारीक थरथर त्याला चोवीस तास छळते. औंढ्याचा परिसर समुद्रापासून लांब आणि या गजबजाटापासून बाजूला आहे.

नाजूक म्हणजे किती? काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांत लेसरचा किरण, टोकांना आरसे. कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर आली की एक भुजा लांबते आणि दुसरी आखडते. फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा. म्हणून अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचा आरसा जमिनीवर ठेवलेलाच नाही. एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत तो टांगलेला आहे. जमीन झपझप हलली तरी प्रत्येक लोलक ती हालचाल आणखी दुबळी करत खाली देतो.

मोठा भूकंप आला तर? यंत्र तेवढा वेळ निकामी होतं, आरसे पुन्हा जुळवावे लागतात. पण फसत नाही, कारण एका वेधशाळेची नोंद दुसरीशी ताडून बघतात. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथं दोन वेधशाळा आहेत, मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर. भूकंपाच्या लहरीला एवढं अंतर कापायला पाच-सहा मिनिटं लागतात. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगानं येते. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, तेव्हा दोन्हीकडच्या नोंदींत फरक होता सेकंदाच्या हजार भागांतल्या सात भागांचा.

आता तुझ्या प्रश्नातला खरा गाभा. पोळ्याच्या गर्दीत शेतकरी आपल्या बैलांची घुंगरमाळ ओळखतो, कारण ती त्यानं वर्षभर ऐकलेली असते. कृष्णविवरांची टक्कर तर कुणीच ऐकली नव्हती. मग ओळखणार कशाच्या जोरावर? गणिताच्या. आवाज यायच्या आधीच तो कसा असेल, हे मांडून ठेवलं होतं. बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये संगणकावर काढून दाखवलं की डिवचलेलं कृष्णविवर घंटेसारखं निनादतं आणि नाद झटकन विरतो. पण दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतानाची गणितं संगणकाला अनेक वर्षं पेलली नाहीत. अवकाशाचे बारीक चौकोन पाडायचे आणि क्षणाक्षणाला आइन्स्टाइनची समीकरणं सोडवत पुढं जायचं. वाटेत चुका फुगत जायच्या, सगळं कोसळायचं. २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांनी दोन कृष्णविवरांचं मीलन पहिल्यांदा शेवटपर्यंत नेलं.

शोधायचं तंत्र मात्र आपल्या घरचंही आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं की संभाव्य लहरींचे नमुने तयार ठेवावेत आणि गोंगाटावर एकेक लावून बघावा. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले. जुळलेल्या नमुन्यानं सांगितलं : सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं मिसळून ६२ पट वस्तुमानाचं एक झालं. बेरीज करून बघ. तीन सूर्यांएवढं वस्तुमान कमी पडतं. तेच लहरी बनून निघून गेलं. मला विचारशील तर या शोधातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही वजाबाकीच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळानं औंढ्याच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. ती उभी राहीपर्यंत घरी एक करून बघ. लांब दोऱ्याला कुलूप बांध, त्याखाली दुसऱ्या दोऱ्यानं आणखी एक. वरचं टोक हातात धरून आधी सावकाश हलव, मग भरभर. खालचं कुलूप काय करतं, ते आजीलाही दाखव आणि आम्हाला कळव.