पिंपाआधी कागद पोचला पाहिजे

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये मी राहते. शेजारीच रिसर्च ट्रँगल पार्क आहे आणि तिथे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, मोठं संशोधन केंद्र आहे. माझं काम रासायनिक मालाच्या नोंदणीचं. तारापूर, महाड, लोटे परशुराम इथल्या कारखान्यांचे निर्यात विभाग पहिल्यांदाच परदेशी बाजारात उतरतात, तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतून शिकलेलं हे सगळं.

१. नोंदणी पदार्थाची होते, ब्रँडची नाही.
इनव्हॉइसवरचं नाव बाजारासाठी असतं. कायदा विचारतो, पिंपात नेमकं काय आहे? कॅस नंबर, म्हणजे पदार्थाचा ओळख क्रमांक, कोणता, शुद्धता किती, सोबत अशुद्धी कोणत्या? युरोपच्या नियमाप्रमाणे साधारणपणे एखादा घटक ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तरच पदार्थाला त्या एकट्या घटकाचं नाव मिळतं. माल मिश्रण असेल, तर त्यातला प्रत्येक पदार्थ वेगळा तपासावा लागतो. म्हणून पहिली बैठक मार्केटिंगशी नको, क्यूसी लॅबशी हवी.

२. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ते आधी विचारा.
युरोपियन संघाचा 'रीच' कायदा १ जून २००७ पासून लागू झाला. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त पदार्थ आयात होणार असेल, तर नोंदणी हवीच. पण भारतातला उत्पादक ती स्वतः करू शकत नाही. एक तर तिथला आयातदार करतो, नाहीतर उत्पादकाने नेमलेला 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे ओआर, करतो. आयातदाराने केली, तर ती त्याची. उद्या दुसरा खरेदीदार मिळाला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ओआरमार्फत केली, तर त्याच नोंदणीवर अनेक खरेदीदारांना माल देता येतो. मात्र ओआर नेमायचा हक्क उत्पादकाचा असतो, नुसत्या व्यापाऱ्याचा नाही. ओआर बदलायची वेळ आली तर नोंदणी नव्याच्या नावावर कशी जाईल, हे करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

३. युरोपचं माप अमेरिकेला लावू नका.
इथला मुख्य कायदा १९७६ चा, 'टॉस्का'. त्यात ओआर नाही आणि एक टनाची सूटही नाही. पदार्थ ईपीएच्या यादीत आहे का, हा इथला पहिला प्रश्न. नसेल, तर सूट लागू होत नसल्यास आयातीच्या किमान ९० दिवस आधी पूर्वसूचना द्यावी लागते. यादीत असेल, तरी तो 'सक्रिय' आहे की 'निष्क्रिय' ते बघा. निष्क्रिय असेल, तर आयातीआधी ईपीएला कळवावं लागतं. यादीचा काही भाग गोपनीय असतो, त्यामुळे जाहीर यादीत नाव दिसलं नाही म्हणून निराश होऊ नका. खरा हेतू दाखवून ईपीएकडे रीतसर विचारणा करता येते. कस्टम्ससमोर प्रमाणपत्र आयातदार देतो, पण त्याला लागणारी माहिती तुमच्याच कारखान्यातून येते.

४. वापर कळल्याशिवाय कायदा ठरत नाही.
तोच पदार्थ औषधासाठी, कीटकनाशकासाठी किंवा सौंदर्यप्रसाधनासाठी आला, तर तो अमेरिकेत टॉस्काबाहेर जातो आणि दुसरे कायदे लागू होतात. खरेदीदाराकडून वापर लेखी घ्या. फोनवरचं आश्वासन तपासणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

५. टनांचा हिशेब जानेवारीपासून ठेवा.
'रीच'मध्ये १, १०, १०० आणि १००० टन अशा पायऱ्या आहेत आणि मोजणी कॅलेंडर वर्षाची, आपल्या एप्रिल-मार्चची नव्हे. १० टनांपासून रासायनिक सुरक्षा अहवाल लागतो. १०० टनांच्या पुढे काही दीर्घ चाचण्यांसाठी आधी हेलसिंकीच्या युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. मोठी ऑर्डर एका ईमेलने येते, चाचणीला मात्र महिनोन्‌महिने लागतात. विक्री विभागाने पुढच्या वर्षाचा अंदाज नोंदणी विभागाला वेळेवर दिला, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

६. विकत घेतलेला डेटा कुठे चालतो, ते वाचा.
चाचणी अहवालांच्या वापरासाठी पैसे भरून 'लेटर ऑफ ॲक्सेस' मिळतं. बहुतेक वेळा ते फक्त युरोपियन संघातल्या नोंदणीपुरतं असतं. दक्षिण कोरियाचा असाच कायदा २०१५ पासून, तुर्कस्तानचा २०१७ पासून, तर ब्रिटनचा स्वतंत्र 'रीच' २०२१ पासून लागू आहे. तिकडेही जायचं असेल, तर डेटाच्या किमतीची बोलणी करतानाच ते देश मांडा.

७. सेफ्टी डेटा शीट माणसासाठी असते.
तिच्या १६ विभागांना अनेक जण शिपमेंटचा एक कागद समजतात. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुगळतीनंतर डॉक्टरांसमोर हजारो रुग्ण होते, पण वायूबद्दलची पुरेशी माहिती नव्हती. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये, घातक रसायनांची माहिती स्थानिक लोकांना मिळण्याचा हक्क देणारा कायदा केला. म्हणून शीट दुसऱ्या कंपनीची उतरवून काढू नका. ती आपल्या मालाच्या खऱ्या घटकांवरून बनवा, युरोपात ज्या देशात माल विकला जाणार तिथल्या अधिकृत भाषेत द्या आणि प्रक्रिया बदलली की सुधारा. पिंप उघडणारा कामगार तुम्हाला कधी भेटणार नाही. त्याच्या डोळ्यांत थेंब उडाला, तर काय करायचं हे त्याला तुमच्याच कागदावरून कळणार आहे. नोंदणीचा सारा खर्च आणि खटाटोप त्या माहितीच्या खरेपणासाठी आहे, हे मनाशी पक्कं असलं की नियमांचं ओझं वाटत नाही.