पडद्यापलीकडच्या बाई

पुण्यातील एक विद्यार्थिनी बर्लिनमधल्या शिक्षिकेकडून घरबसल्या जर्मन शिकते असे समजा. आठवड्यातून दोनदा बाई संगणकाच्या पडद्यावर येतात, तासभर शिकवतात आणि तासाप्रमाणे फी घेतात. तिची मैत्रीण म्हणते, अशा पाठांच्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट मिळतात. पडदा तोच, आवाजही तसाच. मग पैसे कशाचे मोजायचे? प्रश्न व्यवहाराचा आहे. पण त्याच्या उत्तरासाठी आपल्याला तान्ह्या बाळांकडे जावे लागेल.

'ताट' हा शब्द मोठ्याने म्हणा. 'त' म्हणताना जिभेचे टोक दातांना टेकते; 'ट' म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो, की तो कोणाला ऐकू येत नसेल हे खरे वाटत नाही. पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ माणसाला ही दोन्ही अक्षरे बहुधा एकच वाटतात. त्याच्या कानात काही दोष नसतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ओळखता येतात. पहिला वाढदिवस जवळ येईपर्यंत मात्र ही शक्ती बहुतेकांत मावळते. ज्या फरकाचा घरात उपयोग नाही, त्याकडे मेंदू लक्ष देईनासा होतो.

मावळणारी ही शक्ती टिकवता येईल का? अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती चार आठवडे चिनी भाषेत बोलल्या, खेळल्या. पंचवीस पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका झाल्या. त्यानंतर या बाळांना दोन चिनी ध्वनींतील (आपल्या 'श' आणि 'छ' यांच्या जवळपासचे ध्वनी) फरक ओळखता आला, आणि तोही तैवानमधल्या बाळांइतका चांगला! दुसऱ्या एका गटाला त्याच व्यक्तींच्या चित्रफिती तितकाच वेळ दाखवल्या. ही बाळे काहीही शिकली नाहीत.

येथे कोणी म्हणेल, 'म्हणजे पडदाच वाईट!' असा निष्कर्ष घाईचा ठरेल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली: समोर बसून, चित्रसंवादाने म्हणजे व्हिडिओ कॉलवर, आणि आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीने. पहिले दोन्ही गट शिकले, तिसरा शिकला नाही. पडदा तर दुसऱ्या गटापुढेही होता! फरक एवढाच, की चित्रसंवादातली बाई मुलाने काही केले की त्याला लगेच प्रतिसाद देत होती. चित्रफितीतली बाई मुलाने काहीही केले तरी आपलेच बोलत राही.

तुम्ही काही तान्ही बाळे नाही. तुम्ही चित्रफितीतूनही शब्द, व्याकरण, वाक्ये खुशाल शिकू शकता, आणि त्यासाठी फी मोजणे मला तरी उधळपट्टी वाटते. पण उच्चाराचे तसे नाही. जर्मन भाषेत एक स्वर आहे: जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करायचा. चित्रफीत हा स्वर शंभर वेळा ऐकवील, पण तुमचे ओठ पसरलेलेच राहिले हे तिला कळणार नाही. बाई ते पाहतात आणि तिथल्या तिथे थांबवतात. मोठ्या माणसांचा कानही असा घडवता येतो. इंग्रजीतील 'र' आणि 'ल' एकसारखेच ऐकू येणाऱ्या जपानी प्रौढांना अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजातले शब्द ऐकवून, प्रत्येक उत्तर चूक की बरोबर हे लगेच सांगत गेले, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांच्यात सुधारणा दिसली. हा प्रयोग १९९१ सालचा.

तेव्हा फी मोजायची ती प्रतिसादाची. हा प्रतिसाद तारेतून येताना मात्र दोन अडचणी येतात.

पहिली आवाजाची. जुन्या टेलिफोनवरून दर सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांच्या पट्ट्यातलाच आवाज जात असे. 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो. म्हणून तर फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सन, एफ फॉर फादर' असा पाढा म्हणावा लागे. आजच्या चित्रसंवादात सहसा याहून रुंद पट्टा जातो, पण जाळे मंदावले की आवाजाला कात्री लागू शकते.

दुसरी अडचण वेळेची. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरू करेपर्यंत किती वेळ जातो, हे दहा भाषांत मोजले गेले आहे; सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एक पंचमांश सेकंद! पुणे ते बर्लिन सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; तेव्हा निव्वळ प्रवासालाच सुमारे ३३ मिलिसेकंद हवेत. शिवाय तार सरळ रेषेत जात नाही, आणि आवाजाचे तुकडे करणे, पाठवणे, पुन्हा जुळवणे यातही वेळ जातो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुधा जाणवत नाही. त्याहून फार वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम गप्प होतात.

तुमच्या जोडणीतला विलंब तुम्हाला स्वतः मोजता येईल. मित्रासमोर बसून आळीपाळीने अंक म्हणा. तुम्ही एक, त्याने दोन, असे वीसपर्यंत जा आणि वेळ मोजा. मग हेच चित्रसंवादावर, त्याच चालीने करा. घड्याळ दोन्ही वेळा तुमच्याजवळच हवे. तुमच्या 'एक'पासून त्याचा 'वीस' ऐकू येईपर्यंतचा वेळ घ्या. पहिल्या वेळी १२ सेकंद लागले आणि दुसऱ्या वेळी १६, तर ४ सेकंद जास्त. या काळात वीस अंकांनी वीस वेळा तारेतून प्रवास केला. ४ भागिले २० म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद, अर्थात २०० मिलिसेकंद. असा आकडा आला तर बाईंना सांगून ठेवा, की चूक दिसताच त्यांनी मधेच बोलण्याऐवजी हात वर करावा. चित्रही उशिराच येईल, पण दोन आवाज एकमेकांत मिसळणार नाहीत.