देवकीने दुसऱ्यांदा सोडलेला हात



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५.

कंसवधाची कथा आपण आवडीने ऐकतो आणि तिथेच पुस्तक मिटतो. पण पुढचाच अध्याय आई-बापांचा आहे. जन्माच्या रात्रीच दूर गेलेला कृष्ण इतक्या वर्षांनी देवकी-वसुदेवांच्या मिठीत येतो. आणि त्याच अध्यायात, काही श्लोकांनंतर, कृष्ण-बलरामांची मुंज होते आणि दोघे अवंतीला, म्हणजे आजच्या उज्जैनला, सांदीपनींकडे शिकायला निघतात.

आत्ता तर लेकरू हाती आलं होतं! देवकीला काय वाटलं असेल, ते भागवत सांगत नाही. पूर्वी ही ओळ मी सरळ वाचून जायचो. यंदा थांबलो, कारण माझी लेक पहिलीत चालली आहे.

आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे घोर करायला थोडे दिवस जास्तच मिळतात. माझं काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हरवर काही बिघडलं तर मला मध्यरात्रीही मेसेज येतो. पण लेकीला वर्गात रडू आलं, तहान लागली, शेजारच्या मुलाने ढकललं, तर मला काहीच कळणार नाही. आई म्हणते, "पोरगी शाळेत चालली, तुले काऊन येवढा घोर?" खरं सांगू? घोर तिच्या रडण्याचा कमी आहे. ती न रडता आत जाईल, याचा जास्त आहे.

हात सोडणं आमच्या गोसीखुर्दच्या भागाला नवीन नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेचं पाणी अडलं आणि कितीतरी गावांना घर, शेत, देऊळ सोडून नव्या गावठाणात जावं लागलं. तिथे अंगणात सावलीचं झाड नव्हतं, शेजार नवा होता. तरी त्या माणसांनी सकाळी मुलांच्या डोक्याला तेल लावलं, भांग पाडला आणि त्यांना शाळेत धाडलं. स्वतःचं सगळं हललेलं असताना लेकराला पुढे पाठवायचं, याला किती श्रद्धा लागत असेल!

आता अध्यायाचा शेवट बघा. दोघे भाऊ ६४ दिवसांत ६४ कला शिकतात आणि गुरुदक्षिणा विचारतात. सांदीपनी पत्नीशी बोलतात आणि मागतात काय, तर प्रभास क्षेत्री समुद्रात गेलेला आपला मुलगा! म्हणजे देवकीने ज्या घरी लेकरं सोपवली, त्या घरातही एक आई-बाप आपल्या लेकरासाठी झुरत होते. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना त्यांनी ते दुःख आत ठेवलं होतं.

कृष्ण समुद्रात शिरतो, पंचजन दैत्याला मारतो. मुलगा तिथे सापडत नाही, सापडतो तो शंख. तो घेऊन कृष्ण यमाच्या नगरीपर्यंत जातो आणि गुरुपुत्राला परत आणतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात कुरुक्षेत्रावर वाजतो तो पांचजन्य हाच. एका शिक्षकाचं हरवलेलं मूल शोधताना मिळालेला!

मला या अध्यायातून एवढंच कळलं. देवकीने हात सोडला, म्हणून दुसऱ्या एका आईला तिचं लेकरू परत मिळालं. मूल घराबाहेर पडतं तेव्हा ते आपल्यापासून तुटत नाही, ते आणखी कुणाचं तरी होतं. आणि वर्गात ज्या बाई त्याला जवळ घेतील, त्यांचंही लेकरू त्या वेळी कुठल्या तरी दुसऱ्या वर्गात बसलेलं असेल.

आजचा छोटासा संकल्प : शाळेतून आलेल्या मुलाला "काय शिकवलं?" याआधी "आज वर्गात कोण रडलं? तू त्याच्याजवळ बसलास का?" असं विचारूया. आणि ज्यांच्या घरी अजून लेकरू नाही, त्यांनी आज आई-बाबांना फोन करावा. तुमचा हात सोडून ते शाळेच्या फाटकातून परत फिरले होते, तो दिवस त्यांना नक्की आठवत असेल. एकदा विचारून तर बघा.

जय हरी!