कोडमधली ठिपक्यांची रांगोळी: पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

प्रोग्रॅम लिहून भौमितिक नक्षी काढायची म्हटली की लोक आधी लॅपटॉपचे भाव काढतात. नवा घेऊ नका. ब्राउझर नीट चालणारा जुना लॅपटॉप पुरतो. २००१ पासून चालत आलेलं, कोडने चित्र काढायचं साधन 'प्रोसेसिंग' आणि त्याचं ब्राउझरमधलं भावंड 'पी५.जेएस' दोन्ही मोफत आहेत. पी५साठी तर काही डाउनलोडही करावं लागत नाही. महागड्या कोर्सची फी तूर्त राहू द्या.

सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीने करा. '१५ ते ८' घ्या: मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी होत ८. एकूण १६९. एकात एक अशा दोन लूपमध्ये हे बसतं. दोन ओळींतलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट ठेवा, म्हणजे शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोणात येतात. पुढच्या पाकळ्या, वळणं, रंग याच जाळीवर चढवायचे. खर्च शून्य, पण वेळ भरपूर जातो आणि तो द्यायलाच हवा. नक्षी कशी घडते ते इथेच कळतं.

हेच चित्र काढणाऱ्या एआयला सांगा. चित्र देखणं येईल, पण ठिपके मोजलेत तर बहुतेकदा ओळी जुळणार नाहीत. म्हणून नेमक्या नक्षीसाठी मिडजर्नी या एआय चित्रसेवेचे महिना १० डॉलर भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वर कार्डाचं परकीय चलन शुल्कही लागू शकतं. पार्श्वभूमीचा पोत, रंगसंगती यांसाठी एआय उपयोगी आहे. स्टेबल डिफ्यूजन हे एआय मॉडेल घरच्या संगणकावर चालतं, पण त्यासाठी ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं, आणि ते महाग असतं. कोडमधली चूक शोधायला चॅटबॉटची मोफत योजना पुरते.

खरा खर्च छपाईचा. ए३ कागदावर ३०० डीपीआयने छापायचं तर कॅनव्हास ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचा हवा. लहान चित्र नंतर ताणलं की कडा फाटतात. प्रोसेसिंगमधून पीडीएफ काढली तर रेषा कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. आधी ए४वर साधा लेझर नमुना काढा, कारण पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर मळकट दिसतो. आर्काइव्हल (दीर्घकाळ टिकणारी) शाई आणि जाड कागद चित्र विकायचं असेल तरच घ्या. दर विचारताना कागदाचं जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) आणि फाइल दुरुस्तीचे वेगळे पैसे लागतात का, हेही विचारा. ए३च्या फ्रेम तयार मिळतात. चौरस चित्राला बहुधा मापाने करून घ्यावी लागते, म्हणून कॅनव्हासचं माप ठरवण्याआधीच फ्रेमवाल्याकडे जाऊन या.