कामशेतच्या धारेवर उडायचं तर खर्च किती?

कामशेतला टँडम पॅराग्लायडिंगचा, म्हणजे पुढे आपण आणि मागे पायलट अशा जोडीने उडण्याचा दर सध्या माणशी साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये पडतो. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत तो वरच्या टोकाला असतो, मधल्या वारी थोडी घासाघीस चालते. हवेत किती वेळ मिळेल असं विचारलं की ‘दहा-पंधरा मिनिटं’ हे उत्तर ठरलेलं. त्यावर लगेच दुसरा प्रश्न टाका: लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, मिळाली नाही तर किती?

मावळातल्या या टेकड्या फार उंच नाहीत. टेक-ऑफपासून खालच्या शेतापर्यंतचा फरक कुठे शंभर, कुठे दोनशे मीटर. शांत हवेत पॅराग्लायडर सेकंदाला एक-सव्वा मीटर खाली उतरतो. हिशेब सोपा आहे, वाऱ्याने साथ दिली नाही तर दोन-तीन मिनिटांत पाय जमिनीला लागतात. हिमाचलच्या बीर-बिलिंगला टेक-ऑफ जवळजवळ २,४०० मीटरवर आणि लँडिंग त्याच्या हजारेक मीटर खाली, त्यामुळे तिथे वारा निजलेला असला तरी दहा-बारा मिनिटं उंचीच्याच हिशेबात मिळून जातात. कामशेतला तसं नाही. इथली मिनिटं वाऱ्याकडून मिळवावी लागतात.

समोरून येणारा वारा डोंगराच्या धारेला थडकला की वर चढतो आणि धारेच्या पुढ्यात वर जाणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. पायलट त्या पट्ट्यात राहून धारेला समांतर आठाच्या आकड्यात फेऱ्या मारतो. पट्टा चांगला असला तर पंधरा मिनिटांनंतरही तो वरच असतो, आणि मग तुम्हाला खाली आणलं जातं ते रांगेत पुढचा माणूस उभा आहे म्हणून. वारा ताशी दहा ते वीस किलोमीटर आणि बऱ्यापैकी समोरून, हे मनासारखं गणित. पंचविशीच्या पुढे गेला किंवा झोत देऊ लागला तर थांबायचं, कारण पॅराग्लायडरचा स्वतःचा वेगच ताशी पस्तीस-अडतीसच्या घरात असतो. वारा त्याच्या जवळ पोचला की पुढे सरकणंच बंद होतं आणि ग्लायडर धारेच्या मागे ढकलला जाण्याची भीती. मागच्या बाजूला हवेचे भोवरे असतात. तिकडे कोणालाच जायचं नसतं.

म्हणून तारीख ठरवताना सुट्टी बघण्याआधी वारा बघा. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडून हलका वारा असतो आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असलेल्या टेकड्यांपैकी त्या दिवशी जुळेल ती निवडली जाते. फेब्रुवारीनंतर दुपार कलली की खारे वारे घाट चढून येतात. चार ते सहा ही वेळ नवख्यांसाठी सर्वांत गुळगुळीत. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे फुगे उठतात, त्यात अनुभवी मंडळी रमतात. पहिल्यांदा उडणाऱ्याचं पोट मात्र ढवळतं. कोणी तुम्हाला मार्चमध्ये दुपारी बाराची ‘हमखास’ वेळ देत असेल तर तो त्याची रांग सांभाळतोय असं समजा.

इथे एक घोळ निस्तरून घेऊ, कारण जाहिरातींत सगळंच सरमिसळ झालेलं असतं. हँग ग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा. त्याखाली पालथं झोपून उडतात. वजन तीसेक किलो, घडी केली तरी पाच-सहा मीटर लांब, त्यामुळे गाडीच्या टपावरून न्यावा लागतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नसतो, सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं. १९८४ साली बिलिंगला हँग ग्लायडिंगचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता; आज तिथेही आकाशात पॅराग्लायडरच दिसतात. पॅरासेलिंग म्हणजे जीपने किंवा बोटीने दोरीला बांधून ओढणं, ते वेगळं. पाठीवर इंजिनाचा पंखा लावून सपाट मैदानावरून उडवतात ते पॅरामोटर. त्याला डोंगर लागत नाही, धारेवरच्या वाऱ्याची वाटही बघावी लागत नाही, पण कानाशी इंजिन धडधडत असतं. ‘पॅराग्लायडिंग’ म्हणून यांतलंच काही विकलं जातंय का, ते आधी विचारा.

आता पैशांचं. आगाऊ रक्कम पाचशे-हजाराच्या वर देऊ नका. सगळे पैसे आधी मागणारं सोशल मीडियावरचं पान बहुतेकदा दलालाचं असतं. उडवणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा, आणि वारा पडला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. व्हॉट्सॲपवर लेखी घ्या की उड्डाण झालंच नाही तर पैसे परत, दुसरी तारीख, की नुसतीच ‘क्रेडिट’. दरात जीएसटी धरलाय का, टेक-ऑफपर्यंतची जीप धरली आहे का, तेही. व्हिडिओचे चार-पाचशे वेगळे लागतात. माझं मत, तो घ्यावा आणि स्वतःचा फोन चेन असलेल्या खिशात किंवा खालीच ठेवावा. उतारावरच्या गवतात पडलेला फोन परत मिळत नाही.

दरातल्या पाचशे-सातशेच्या फरकापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ‘आज नाही’ म्हणायला परवडणारा पायलट शोधणं. दर उड्डाणामागे पैसे मिळणारा आणि खाली वीस जणांची रांग असलेला माणूस वारा वाढला तरी ‘एक शेवटचं’ म्हणतो. चौकशी करताना सरळ विचारा, ‘गेल्या महिन्यात किती दिवस उड्डाणं रद्द केलीत?’ एकही नाही, असं उत्तर आलं तर फोन ठेवा. पायलटकडे टँडमचं रेटिंग कोणाचं आहे, म्हणजे आप्पी, बीएचपीए किंवा तशाच मान्य संस्थेचं, हे विचारायला संकोच नको. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा बांधलं, हा प्रश्न तर चांगल्या पायलटला आवडतोच. सहा महिने ते वर्षभरात ते व्हायला हवं. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा.

वजनही आधीच खरं सांगा. नव्वद-पंचाण्णवच्या वर अनेक ठिकाणी नकार मिळतो किंवा जादा पैसे लागतात, कारण जड जोडीला उचलायला वाराही जोराचा लागतो. वर गेल्यावर काटा काढला तर हेलपाटा तुमचाच. पाठीचं, गुडघ्याचं, हृदयाचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हा बेत नकोच. आणि तुम्हाला एकच काम सांगितलं जाईल, ते मनापासून करा: पळा म्हटलं की पळत राहायचं, पाय अधांतरी झाले तरी. मध्येच बसकण मारली की दोघेही उतारावर घसरत जातात.

जाण्याचा खर्च. पुण्याहून लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं, तिकीट वीस रुपयांच्या आत. दुपारी लोकल विरळ असतात, तेव्हा सकाळी लवकर निघालेलं बरं. स्टेशनपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत रिक्षा किंवा आयोजकाची जीप, त्याचे तीन-चारशे धरा. मुंबईहून गाडीने जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. लिटरला पंधराचा हिशेब धरला तर दीड-पावणेदोन हजारांचं पेट्रोल, वर टोलचे पाचशेच्या आसपास. रेल्वेने यायचं तर लोणावळ्याला उतरून लोकल बदला.

म्हणजे पुण्याचा एकटा माणूस व्हिडिओसकट चार-सव्वाचार हजारांत दिवस काढतो. मुंबईचं जोडपं दोन उड्डाणं, दोन व्हिडिओ, गाडी आणि जेवण धरून दहा हजारांच्या जवळ जातं. रविवार टाळला तर यातले हजारेक वाचतात आणि रांगही. जेवणात काटकसर करायची नसेल तर इंद्रायणी भात मिळेल तिथे थांबा, त्याचा मुलूखच हा.

दिवसातला मोठा वेळ पठारावर बसण्यात जातो. सावलीला झाड नसतं. दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण पँट आणि घोटा झाकणारे बूट लागतातच; दिवाळीनंतर वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत शिरली की संध्याकाळपर्यंत तीच वेचत बसावं लागतं. वारा संध्याकाळीच येणार असं कळलं तर पठारावर भाजण्यापेक्षा बेडसे किंवा कार्ल्याची लेणी बघून या. कार्ल्याचं तिकीट पंचवीस रुपये आहे.

विम्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. आरोग्य विम्याच्या प्रमाणित शर्तींमध्ये साहसी खेळांचा अपवाद आहे, पण तो ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांसाठी. एका दिवसाच्या हौशी पर्यटकाचा दावा तेवढ्यावरून फेटाळता येत नाही. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र हा अपवाद अनेकदा सरसकट असतो, म्हणून पॉलिसी काढून ते कलम वाचाच. टेकडीवर सही करायला देतात त्या ‘सर्व जबाबदारी माझी’ छापाच्या कागदाने घाबरून जाऊ नका. धोका समजला, एवढी कबुली तुम्ही देताय; सदोष साहित्य किंवा निष्काळजी सेवा यांबद्दल दाद मागण्याचा हक्क तेवढ्याने संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. पैसे बुडवण्याच्या साध्या प्रकरणात आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. चॅट, यूपीआयची पावती आणि त्या कागदाचा फोटो जपून ठेवा. कागदाची प्रत सहसा कोणी देत नाही.

उतरल्या उतरल्या अनेकांना शिकायचंच असतं. एक रात्र जाऊ द्या. तीन ते पाच दिवसांचा सुरुवातीचा कोर्स बहुतेक ठिकाणी वीस ते पस्तीस हजारांत होतो, राहणं-जेवण धरलंय की नाही यावर आकडा हलतो. त्यातला मोठा भाग जमिनीवर विंग उभी करण्यात, घाम गाळण्यात आणि पुन्हा वाऱ्याची वाट बघण्यात जातो. वारा आला नाही तर दिवस वाढवून मिळतात का, हे इथेही लेखी घ्या. स्वतःचं साहित्य नवं घेतलं तर विंग तीन लाखांच्या आसपास, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट आणि उंची दाखवणारा व्हॅरिओ धरून साडेचार-पाच लाख. जुना संच दीड-दोन लाखांत मिळतो, पण विंगचं कापड उन्हाने कमजोर होत जातं आणि ते वरून दिसत नाही, तेव्हा कापडाच्या आणि दोऱ्यांच्या तपासणीचा ताजा अहवाल हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.