संगणक जुना, विंडोज नवी

प्रश्न : माझा संगणक २०१९ सालचा आहे. विंडोज ११ घालताना ‘टीपीएम २.० नाही’ असा संदेश येतो. आता नवा संगणक घ्यावाच लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टीपीएम ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय. त्या काळच्या बहुतेक संगणकांत ती असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या संगणकांत ‘पीटीटी’, तर एएमडीच्या संगणकांत ‘एफटीपीएम’ या नावाने ती सापडते. चालू केली की अडचण सहसा सुटते. त्याआधी फायलींची प्रत काढून बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवावी. प्रोसेसरच विंडोज ११ला चालणाऱ्यांच्या यादीत नसेल, तर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालते. नवी विंडोज न रुचल्यास १० दिवसांत सेटिंग्जमधून मागे फिरता येते. मात्र विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.